गळ्याला लागलेला मासा

मनूआतेच्या घरी पुस्तक घेऊन जायचं तर आधी हात हुंगून घ्यावे लागतात. पायरीवर उभं राहायचं, दोन्ही तळवे पुढे करायचे आणि ती खुर्चीतून वाकून वास घेईपर्यंत हलायचं नाही. बांगड्याचा किंवा सुक्या सुंगटांचा नुसता संशय आला तरी तिचं बोट अंगणातल्या दगडाकडे जातं. तिथे साबणाची वडी आणि पाण्याचा तांब्या कायम असतो. धुऊन आलात की पुन्हा वास. पास झालात तरच पुस्तक पिशवीतून बाहेर काढायचं.

मालवणात माशाचा वास नसलेले हात आणायचे कुठून? मी एकदा हे बोलून दाखवलं. तिने मला परत दगडाकडे पाठवलं.

आणि ज्या पुस्तकांसाठी एवढं सोवळं, ती पुस्तकं मासेमारीची असतात. नाहीतर शिकारीची.

मनूआते म्हणजे मनोरमा तोरसकर. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, तहसील कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. मी हायस्कूलात मराठी शिकवतो म्हणून ती मला ‘मास्तर’ म्हणते, आणि रागावली की ‘मास्तरा’. तिने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. गळ टाकून मासे धरण्याला आम्ही गरवणं म्हणतो, तेही तिने कधी केलं नाही. पण शिकारीच्या आणि गरवण्याच्या जुन्या पुस्तकांची पहिली आवृत्ती ओळखण्यात तिच्यासारखं दुसरं माणूस मला तरी माहीत नाही. असली पुस्तकं जमवणारे लोक असतात, आणि ते पहिल्या आवृत्तीवर जीव टाकतात. त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती फुकट दिली तरी ते नाक मुरडतात. मग कोल्हापूरचा नाहीतर बेळगावचा कुणी जमवणारा मोठ्या गाडीतून येतो, आणि आरोपीसारखा पायरीवर तळवे पुढे करून उभा राहतो.

तिची स्वतःची परिभाषा आहे. पहिली आवृत्ती म्हणजे ‘पयलटकरीण’. दुसरी आवृत्ती पहिलीच्या मुंडावळ्या बांधून आली असेल तर ती ‘बिजवर’. हल्ली जुन्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला छापतात, त्यांना ती ‘दत्तक’ म्हणते. निकाल एका शब्दात. कारणं विचारली तरच देते, आणि दिली की समोरच्याला वाटतं विचारली नसती तर बरं झालं असतं.

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी एका जुन्या संस्थानच्या शिकारखात्यावरचं पुस्तक आणलं होतं. जाड, चामड्याच्या पाठीचं, आतमध्ये चित्रं. मनूआतेने ते मांडीवर घेतलं, चित्रं मोजली आणि सांगितलं की एक कमी आहे. गृहस्थ म्हणाले, मोजा हवं तर, अनुक्रमणिकेत आहेत तेवढीच आहेत. तिने एक पान उघडून उजेडाकडे कलतं धरलं. कोऱ्या कागदावर पिवळसर डाग होता, आणि नीट पाहिल्यावर त्या डागात आडव्या पडलेल्या वाघाची पाठ आणि शेपटी दिसू लागली. वर्षानुवर्षं समोर चिकटून राहिलेल्या चित्राची छाया कागदावर उतरली होती. चित्र कुणीतरी कापून नेलं होतं, आणि अनुक्रमणिकेचं पान दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलं होतं.

“वाघ गेलो, सावली ऱ्हवली,” ती म्हणाली आणि पुस्तक परत दिलं.

दुसऱ्या एकाने आणलेल्या पुस्तकावर ठळक अक्षरात ‘आवृत्ती पहिली’ होतं. ती नेहमीप्रमाणे मागच्या बाजूने शिरली. शेवटच्या पानावर त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात होती, आणि ते दुसरं पुस्तक या पहिल्याचा पुढचा भाग होता, तेही ‘हातोहात खपलेले’. मुलाला आमच्याकडे झील म्हणतात. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बापाशीच्या आधी झील शाळेत गेलो?”

तिची ही सवय पुस्तकांपुरती राहिली असती तर आमचं जगणं सोपं झालं असतं. पण ती पापलेटाचे कल्ले उघडते तेही आवृत्ती तपासल्यासारखे. मासे विकायला येणारी कोळीण टोपली उतरवतानाच सांगते, “आते, सगळे पयलटकरणी आसत.” माझ्या लग्नाची पत्रिका तिच्या हातात दिली तेव्हा मी जेमतेम तिशीचा होतो. तिने ती उलटून आधी छापखान्याचं नाव वाचलं, मग तारीख, मग म्हणाली की वधूच्या वडलांच्या नावात एक वेलांटी चुकली आहे. सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. माझे सासरे अजून मला त्या वेलांटीची आठवण करून देतात.

तिचा संग्रह दोन लोखंडी कपाटांत आहे. आमच्या खाऱ्या दमट हवेत कागद टिकवणं सोपं नाही. ती पुस्तकांमध्ये वेखंडाचे तुकडे ठेवते, आणि पावसाळाभर कपाटात बल्ब लावून ठेवते. घरातला पंखा ती काटकसरीने वापरते, पण कपाटातला बल्ब चातुर्मासभर जळतो.

एकदा मी तिला विचारलं, की एवढी नजर आहे तर शिकार आणि मासेमारीच का? कथा आहेत, कविता आहेत, तिकडे का जात नाही?

तिने सुपारी कातरता कातरता मला समजावलं. “शिकारी आणि गरवणारे म्हणजे थापाड्यांचे राजे. मारलेलो वाघ दर येळी धा फुटी, आणि निसाटलेलो मासो दर येळी पडावाएवढो. ह्येंच्या पुस्तकात खरा पान एकच, मास्तर. पान चार.”

पान चार म्हणजे प्रकाशक, मुद्रक, किंमत आणि आवृत्ती छापलेलं पान. तेही खोटं बोलू शकतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण ते आम्हाला नंतर कळलं.

गेल्या वर्षी तारकर्लीच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी एक रिसॉर्ट उभं राहिलं. मालक देवकर म्हणून, बाहेरून आलेले पण बोलायला गोड. मनूआतेचा पुतण्या प्रकाश तिथे मॅनेजर झाला. आमच्या वाडीतली आणखी पाच-सहा माणसंही तिथे लागली, त्यामुळे रिसॉर्टबद्दल वाईट बोलायचं नाही असं वाडीत न ठरवता ठरून गेलं होतं. देवकरांना गरवायचा शौक. रिसॉर्टमध्ये त्यांनी गरवणाऱ्यांसाठी एक खास दालन बांधलं, भिंतींवर जुने गळ, दोऱ्या, टोपल्या टांगल्या, आणि मधोमध काचेच्या पेटीत ठेवायला एक पुस्तक मिळवलं. त्या पुस्तकावर मनूआतेचा शब्द हवा म्हणून प्रकाश त्यांना घेऊन आला.

देवकरांनी मुकाट्याने हात धुतले. दोनदा. मग पिशवीतून पुस्तक काढलं. निळ्या कापडी बांधणीचं, बारीकसं. ‘खाडीकाठचे गरवणे’. ते लिहिणारे गृहस्थ वेंगुर्ल्याच्या बंदरावर नाकेदार होते, रोज संध्याकाळी जेटीवर गळ टाकून बसायचे, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे एकच पुस्तक लिहिलं. वेंगुर्ल्यातच छापलेलं. प्रती थोड्या, त्यातल्या वाळवीने आणि पावसाने नेलेल्या बऱ्याच. असलं पुस्तक मिळणं कठीण, हे मलाही ठाऊक होतं.

मी तिथेच होतो. मनूआतेने या खेपेस मागून सुरुवात केली नाही. तिने सरळ पान सत्तावन्न उघडलं, एक ओळ पाहिली आणि पुस्तक मिटलं.

“बिजवर.”

देवकर हसले. त्यांनी पान चार काढून दाखवलं. ‘आवृत्ती पहिली’ असं स्वच्छ छापलेलं होतं. ती म्हणाली, छापूदे. मग तिने कारण सांगितलं. पहिल्या आवृत्तीत सत्तावन्नाव्या पानावर एक चूक आहे. ‘भरतीच्या वेळी मोठा मासा गळाला लागतो’ असं हवं होतं, तिथे ‘मोठा मासा गळ्याला लागतो’ असं छापलं गेलं. पुस्तक बाहेर पडलं आणि वेंगुर्ल्यात हसण्याची लाट आली. नाकेदार जेटीवर दिसले की लोक विचारायचे, आज किती मासे गळ्याला लागले? काही महिन्यांनी उरलेल्या कागदावर पुन्हा प्रती काढल्या, ओळ दुरुस्त केली, पण छापखान्याच्या मालकाने पान चार बदललं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेच्या प्रतीवरही ‘पहिली’ राहिलं. देवकरांच्या प्रतीत मासा गळालाच लागलेला होता. त्या अर्थी ती दुसऱ्या खेपेची.

देवकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की ठीक आहे, पण हे बारकावे कोण बघतो? पान चारवर पहिली आहे, तर तुम्ही तसं दोन ओळीत लिहून द्या. मनूआतेने नाही म्हटलं. ते हसत गेले. प्रकाश हसत गेला नाही.

पुढचे पंधरा दिवस तिच्या ओटीवर माणसांची रांग लागली. प्रकाश आला, त्याची बायको आली. वाडीतले दोघं-तिघं येऊन म्हणाले की आते, एका ओळीने काय बिघडतं, आमच्या पोरांची कामं आहेत तिथे. सगळ्यांना तिने चहा दिला आणि सगळ्यांना तेच उत्तर दिलं. प्रकाशला ती म्हणाली, की मी तुला लहानपणी खोटं बोललास म्हणून उपाशी ठेवलं होतं, आता मी खोटं लिहिलं तर मला कोण उपाशी ठेवणार? तो चिडून म्हणाला की त्या वेळी भात नव्हता म्हणून उपाशी ठेवलं होतंस. दोघंही खरंच बोलत असावीत.

मीही गेलो. मराठीचा मास्तर म्हणून मला वाटलं, शब्दांतून वाट काढता येईल. मी सुचवलं की ‘पहिली आवृत्ती’ असं न लिहिता ‘दुर्मिळ जुनी प्रत’ असं लिहावं, त्यात खोटं काही नाही. तिने सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

“मास्तरा, तू पोरांका हीच मराठी शिकवतंस?”

मी उठून घरी आलो.

उद्घाटनाचं आमंत्रण सगळ्या वाडीला होतं. मनूआते येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण त्या दिवशी ती कांजी केलेली पांढरी साडी नेसून माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. मी दार उघडलं.

दालन खरंच सुंदर होतं. खिडक्यांतून खाडी, भिंतीवर गळ, मधोमध पेटी. पेटीत निळं पुस्तक, आणि त्याच्यापुढे सोनेरी कडांचं कार्ड: ‘प्रथम आवृत्ती. प्रमाणित: श्रीमती मनोरमा तोरसकर, ग्रंथतज्ज्ञ.’

मी वाचलं आणि वळून पाहिलं. प्रकाश कोपऱ्यात उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता. मनूआतेने कार्ड दोनदा वाचलं, पिशवीतून पेन्सिल काढली, आणि मग काच बंद आहे हे लक्षात आल्यावर परत ठेवली. भाषणं सुरू झाली. तालुक्याचे पुढारी बोलले, देवकर बोलले. मुंबईहून आलेले जुन्या पुस्तकांचे एक व्यापारी होते, तेही बोलले. त्यांनी हे पुस्तक देवकरांना मिळवून दिलं होतं. टाळ्या झाल्या. देवकर म्हणाले, आणि हे ज्यांनी पारखलं त्या आपल्या आते इथे आहेत.

ती उठली. कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई, चार लोकांत बोलायचं तर शुद्ध मराठीत बोलते. ती म्हणाली, “कार्डावर दोन चुका आहेत. मी श्रीमती नाही, कुमारी आहे. आणि हे पुस्तक पहिली आवृत्ती नाही. मी तसं लिहून दिलेलं नाही.”

खाडीवरून एक होडी फटफटत गेली, काही माना तिकडे वळल्या.

देवकरांचा चेहरा तसाच गोड राहिला. पण मुंबईचे व्यापारी तोंडाळ होते. ते उभे राहून समजावणीच्या सुरात म्हणाले, की ही गळ्याची दंतकथा आम्हीही ऐकली आहे. मान्य, काही प्रतींत चूक आहे आणि काहींत नाही. पण चुकीच्या प्रती आधीच्या कशावरून? आधी ओळ बरोबर असेल, आणि दुसऱ्यांदा छापताना अक्षरांचे खिळे सुटून पडले असतील, घाईत पुन्हा बसवताना चूक झाली असेल. छापखाना बंद पडून जमाना झाला. मालक गेले, लेखक गेले. बाई, तुमच्याकडे पुरावा काय?

प्रश्न बरोबर होता. मनूआतेने पेटीतल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग तिने मान वर केली, आणि तिची कचेरीची मराठी कुठच्या कुठे गेली.

“कशावरून म्हणजे? ती चूक माझी आसा. ती ओळ मीच जुळवलंय.”

आणि मग तिने त्या भरल्या दालनाला सांगितलं. टायपिंग शिकण्याआधी, सतरा-अठरा वर्षांची असताना, ती वेंगुर्ल्याला मावशीकडे राहून त्या छापखान्यात खिळे जुळवायला जात होती. लाकडी खणांत अक्षरं असायची, एकेक उचलून ओळ उभी करायची. ‘ळा’ आणि ‘ळ्या’ यांचे खण शेजारी शेजारी. बोट एका खणाने चुकलं. सगळ्या प्रती छापून बाहेर गेल्या, बोंब झाली, आणि काही महिन्यांनी तेच जुळवलेले खिळे पुन्हा यंत्रावर चढवायच्या आधी तिने स्वतःच्या चिमट्याने तो ‘ळ्या’ उपटून तिथे ‘ळा’ बसवला होता.

“माझ्या चुकीची तारीख तुमी माका सांगतास?” ती व्यापाऱ्याला म्हणाली, आणि खाली बसली.

मागच्या रांगेत वाडीतल्या बायका होत्या. त्यांतली एक टाळ्या वाजवायला लागली, मग आवरली, मग पुन्हा वाजवायला लागली. देवकरांनी स्वतः पेटी उघडून कार्ड काढून घेतलं. खुनशी माणूस नव्हता तो. पण महिन्याभरात प्रकाशचं टेबल बदललं. मॅनेजरची खुर्ची जाऊन त्याला होड्यांचं बघायला लावलं. उन्हात उभं राहायचं काम. तो बरेच दिवस आतेच्या पायरीवर आला नाही. येता-जाता मान खाली घालून जायचा, आणि ती ओटीवरून त्याच्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसायची. कुणी विषय काढला तर म्हणायची, रागावूदे, रागावण्यासारखंच झालं आहे. पण केलं ते चुकलं असं तिच्या तोंडून कुणी वदवू शकलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न होता. एक दिवस मी विचारलं, की त्या वेळी छापखान्यात तुला ओरडा बसला असेल ना? ती उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. मला वाटलं, बोलू नये ते बोललो.

आठवड्याभराने, रविवारी सकाळी, ती पुन्हा गाडीपाशी. कुडाळला जायचं म्हणाली. कुडाळात तिचं कोण, हे मला माहीत नव्हतं. चौके गावाच्या पुढे गेल्यावर ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखी.

ओरडा तिला बसलाच नव्हता. मालकाने सगळ्यांना उभं करून विचारलं होतं, ही ओळ कुणाची? ती बोलली नाही. तिच्या आधीपासून कामाला असलेला शांताराम म्हणून एक होता, पंचविशीचा, जुळणीही करायचा आणि प्रूफंही वाचायचा. तो म्हणाला, माझ्याकडून झालं. मालकाने त्याला दुरुस्तीच्या प्रती छापून होईपर्यंत ठेवला आणि मग काढून टाकला. वेंगुर्ल्यात त्याचं नाव पडलं, ‘गळ्यालो’. पोरं मागून हाका मारायची. तो कुडाळला गेला आणि तिथे कुणाच्या तरी छापखान्यात लग्नपत्रिका जुळवत आयुष्य काढलं. तिनेही पुढच्या वर्षी वेंगुर्लं सोडलं.

मी विचारलं, की इतकी वर्षं कधी भेटली नाहीस?

“पयल्या वर्षी लाज वाटली,” ती म्हणाली. “मगे सवय झाली.”

मग थोड्या वेळाने तिने सांगितलं, की त्या दालनात परक्यांसमोर जे सांगितलं, ते ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलेलंच नाही. तो आहे अजून. तिने चौकशी केली होती.

शांताराम कुडाळच्या बाजारामागच्या एका बोळात मुलाकडे राहत होते. सून दारात आली, तिने आम्हाला ओटीवर बसवलं. ते आतून काठी टेकत आले. ऐंशी पार केलेले, अंगात बनियन, डोळ्यांवर जाड चष्मा. सुनेने आम्हाला सांगून ठेवलं की त्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोला.

मनूआतेने नाव सांगितलं. त्यांनी कानावर हात ठेवला. तिने पुन्हा सांगितलं, अजून मोठ्याने. तेव्हा त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले.

साठ वर्षं जे मनात ठेवलं होतं ते तिला ओरडून सांगावं लागलं. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. समोरच्या खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली, शेजारचा दुकानदार बाहेर आला. मनूआते कुणाची पर्वा न करता, बसलेल्या घशाने ओरडत होती, की ती ओळ माझी होती, मी गप्प राहिले, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. हे सगळं तिने मालवणीत सांगितलं, आणि दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना अर्धंच कळलं.

ते बोलले तेही बहिऱ्या माणसाच्या उंच आवाजात, बोळभर ऐकू जाईल असं.

“माका म्हायत होता. तुझी ओळ मी ओळखलंय. पन प्रूफ कोणी वाचलेला, मनू? मी. माका ती चूक दिसाकच नाय.”

“दिसाक नाय म्हणजे?” ती म्हणाली. “डोळे खंय होते तुझे?”

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला.

“तू समोर उभी ऱ्हवून खिळे जुळवी होतंस. मी थंय बघी होतंय.”

सून चहाचे पेले घेऊन येत होती ती उंबऱ्यातच थांबली. समोरच्या खिडकीतली बाई आत गेली. मनूआतेचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठच दिसत होती, आणि ती ताठ होती.

“ता कायव आसूंदे,” ती शेवटी म्हणाली, ओरडूनच. “चूक माझी. तुका त्यात वाटो मेळाचो नाय.”

ते हसायला लागले. त्यांच्या तोंडात दात फार नव्हते. मग ती दोघं चहा प्यायली, आणि छापखान्यातल्या कुठल्या खणात कुठलं अक्षर असायचं यावरून तासभर वाद घातला. तो वादही सगळ्या बोळाने ऐकला.

परत येताना मी आरशातून एकदा पाहिलं, तर ती मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. नेरूरचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, “मास्तर, उद्या शाळा किती वाजता सुटता?”

मी म्हटलं, पाचला.

“मगे उद्या परत येवया. चष्म्याची काडी मोडलीहा त्येची. दोऱ्यान बांधल्यान. कोणाच्या लक्षात येवक नाय ता.”